पंपाची आठवण
सावनेर परिसरातल्या भूमिगत कोळसा खाणीत पंप थांबला, की पाणी माणसांवर चालून येते. उंच इमारतीत थांबला, की माणसांना सोडून जाते. शास्त्र मात्र एकच. दहा मीटर चढायला पाण्याला चौरस सेंटिमीटरमागे सुमारे १ किलो दाब लागतो. तीस मीटरवरच्या नळाला ३ किलो, धार हवी तर आणखी जास्त. दाबटाकीतली हवा उतरली, की पंप घटकेत चालू, घटकेत बंद होतो आणि शेवटी मोटार जळते. आपण मात्र इमारतीच्या रंगाला हौसेने वर्गणी देतो. पंप आठवतो तो नळ कोरडा पडल्यावर. मला खरी धास्ती वाटते ती आगीच्या पंपाची. तो रोज लागत नाही, म्हणूनच दर आठवड्याला चालवून पाहायचा. आग काही तारीख कळवून येत नाही.