डोक्याची न दिसणारी जखम

एका घट्ट झाकणाच्या डब्यात पाणी भरा आणि त्यात खरवसाची एक मऊ वडी सोडा. डबा हातात धरून पळत जा व एकदम थांबा. डबा थांबेल, पण आतली वडी पुढच्या भिंतीवर आपटेल आणि मग मागच्या. डब्याला पोचाही येणार नाही. वडीच्या कडा मात्र फुटलेल्या दिसतील.

आपली कवटी हा असाच डबा होय. सुमारे १४०० ग्रॅम वजनाचा मऊ मेंदू तिच्यात द्रवाने वेढलेला असतो. स्कूटर घसरून डोके आपटले की तो असाच हिंदकळतो. कवटीचा तळ पुढच्या बाजूस खडबडीत असल्यामुळे मार मागे बसला तरी पुष्कळदा कपाळामागचा भागच खरचटतो. शिवाय मेंदू गर्रकन फिरल्याने पेशींचे लांब तंतू ताणले जातात, काही तुटतात. ते इतके बारीक असतात, की साध्या सीटी स्कॅनमध्ये ही इजा अनेकदा दिसतच नाही.

आता कपाळामागचा भाग काय करतो ते पाहू. कामाची आखणी करणे, रागाला आवर घालणे, 'आता पुरे' असे स्वतःला बजावणे, ही त्याची कामे. समजा, अपघातानंतर एखाद्याचे बाबा घरी आले. टाके निघाले, ते चालू-बोलू लागले. शेजारी म्हणतात, "बरे झाले हो!" पण बाबा एकच प्रश्न पाचदा विचारतात. कुकरची शिट्टी आणि टीव्ही एकदम सुरू झाले की त्यांना सहन होत नाही. दुपारपर्यंत ते थकून जातात आणि क्षुल्लक कारणावरून ताट भिरकावतात. मुलाला वाटते, आपलेच काही चुकले. खरे तर रागाचा लगाम धरणारा भागच जखमी झालेला असतो. पण हे त्या मुलाला सांगणार कोण?

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे सगळ्यांच्या 'मेडिकल'मध्ये, विदर्भातूनच नव्हे तर छिंदवाडा, बैतुलकडूनही रुग्ण येतात. रुग्णालयातला मुक्काम काही आठवड्यांचा, पुढचे आजारपण वर्षांचे. सुटी मिळाली की प्रत्येक कुटुंब आपापल्या गावी जाते आणि असे फक्त आपल्याच घरी घडते, असे समजून गप्प राहते.

हे मौन मोडण्यासाठी आधारगट असतात. अमेरिकेत मॅरिलिन प्राइस स्पिव्हॅक या बाईंची मुलगी १९७५ साली अपघातात जखमी झाली. पुढे १९८० मध्ये त्यांनी अशा कुटुंबांची राष्ट्रीय संस्था उभारली. ब्रिटनमध्ये 'हेडवे' १९७९ साली सुरू झाली होती. भारतात जोधपूरचे गजसिंह यांचे पुत्र २००५ साली पोलो खेळताना जबर जखमी झाले. त्यानंतर २००७ मध्ये इंडियन हेड इंज्युरी फाउंडेशन निघाले. मेंदूच्या इतर विकारांसाठीही ही पद्धत उपयोगी पडते. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ साली स्थापलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने रुग्णांच्या कुटुंबीयांचे स्वमदत गट चालवले.

गटात होते तरी काय? खुर्च्या गोल मांडतात आणि बोलतात, इतकेच! कोणी सांगते, "एका वेळी एकच प्रश्न विचारा." कोणी सांगते, "वही नेहमी त्याच खिळ्याला टांगा." ही वहीची युक्ती मोठी शास्त्रशुद्ध आहे. काल काय घडले हे लक्षात ठेवणारी यंत्रणा आणि सवयी घडवणारी यंत्रणा मेंदूत वेगवेगळ्या असतात. पहिली जखमी झाली तरी दुसरी बहुधा शाबूत राहते. म्हणून कालची गोष्ट विसरणारा माणूसही रोजच्या सरावाने त्या खिळ्याकडे आपोआप वळू लागतो. जखमी माणूस अशी युक्ती नवख्याला शिकवतो, तेव्हा घरात सतत मदत घेणाऱ्या त्या माणसाला मदत देण्याची संधी मिळते. मला तर हा गटाचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

अर्थात गट म्हणजे दवाखाना नव्हे. डोके असह्य दुखू लागले, उलट्या झाल्या, फिट आली किंवा गुंगी वाढली, तर तडक डॉक्टरांकडेच जायला हवे.

असा गट काढायला यंत्रे लागत नाहीत. एक खोली, काही खुर्च्या आणि बोलणे आवरते-सावरते ठेवणारा एखादा समाजसेवक पुरतो. बैठक मात्र तपासणीच्या वारीच ठेवावी. म्हणजे छिंदवाड्याहून आलेल्या आईला एसटीचे भाडे दोनदा भरावे लागत नाही.