रोहित्रातील वेढ्यांचे गुणोत्तर

वेढ्यांचे गुणोत्तर म्हणजे रोहित्राच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) प्राथमिक व दुय्यम गुंडाळ्यांतील तारेच्या वेढ्यांच्या संख्यांचे प्रमाण. रोहित्र विजेचा दाब किती पटींनी वाढवील अथवा कमी करील, हे या गुणोत्तरावरून ठरते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील शेवगावसारख्या तालुक्यात शेतातील कृषिपंपांना वीज देणारी, बोलीभाषेत ‘डीपी’ म्हणून ओळखली जाणारी यंत्रणा याच तत्त्वावर चालते.

== तत्त्व ==

मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये विद्युत्चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या तारेच्या वेढ्यात विद्युत् दाब निर्माण होतो, असे त्यांना आढळले. रोहित्रात दोन्ही गुंडाळ्या एकाच लोखंडी गाभ्यावर असतात. प्राथमिक गुंडाळीतील प्रत्यावर्ती प्रवाहामुळे गाभ्यात सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते दोन्ही गुंडाळ्यांतील प्रत्येक वेढ्यातून जवळजवळ सारखेच जाते. म्हणून प्रत्येक वेढ्यात सारखाच दाब निर्माण होतो. वेढे जितके अधिक, तितकी या दाबांची बेरीज मोठी. यावरून पुढील सूत्र मिळते :

प्राथमिक दाब ÷ दुय्यम दाब = प्राथमिक वेढे ÷ दुय्यम वेढे

एकाच दिशेने वाहणाऱ्या स्थिर प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र बदलत नाही. त्यामुळे अशा प्रवाहावर रोहित्र चालत नाही. बंद गाभ्याचे व्यवहारोपयोगी रोहित्र १८८५ मध्ये बुडापेस्ट येथे झिपेर्नोव्स्की, ब्लाथी आणि देरी या तिघा अभियंत्यांनी तयार केले.

== शेतातील रोहित्राचे उदाहरण ==

वितरण रोहित्रावर सामान्यतः ‘११,००० / ४३३ व्होल्ट’ असे लिहिलेले असते. या दोन आकड्यांचा भागाकार सुमारे २५ येतो. परंतु वेढ्यांचे गुणोत्तर २५ नसते. उच्चदाबाची बाजू डेल्टा पद्धतीने जोडलेली असल्याने तिच्या प्रत्येक गुंडाळीला पूर्ण ११,००० व्होल्ट मिळतात. कमी दाबाची बाजू स्टार पद्धतीची असते. तेथे ४३३ व्होल्ट हा दोन फेजांमधील दाब असून, एका गुंडाळीवरील म्हणजे फेज व न्यूट्रल यांमधील दाब ४३३ ला ३ च्या वर्गमुळाने भागून २५० व्होल्ट येतो. म्हणून वेढ्यांचे खरे गुणोत्तर ११,००० ÷ २५०, म्हणजे ४४ असते. दुय्यम गुंडाळीला ५० वेढे असल्यास प्राथमिक गुंडाळीला २,२०० वेढे लागतील आणि प्रत्येक वेढ्यात ५ व्होल्ट निर्माण होतील.

दाब कमी होताना प्रवाह त्याच प्रमाणात वाढतो. १०० केव्हीए क्षमतेच्या रोहित्रात पूर्ण भारावर दुय्यम गुंडाळीतून सुमारे १३३ अँपिअर, तर प्राथमिक गुंडाळीतून केवळ ३ अँपिअर प्रवाह वाहतो. म्हणून प्राथमिक गुंडाळी बारीक तारेची आणि दुय्यम गुंडाळी जाड वाहकाची असते. रोहित्र वीज निर्माण करीत नाही. गुंडाळ्यांत व गाभ्यात उष्णतेच्या रूपाने होणारा थोडा ऱ्हास वगळता मिळालेली शक्ती ते पुढे देते.

== कमी दाबाची समस्या ==

दूरच्या वाहिनीच्या टोकाला ११,००० ऐवजी १०,००० व्होल्ट पोहोचले, तर ४४ गुणोत्तरामुळे फेजचा दाब भार नसतानाही सुमारे २२७ व्होल्टच राहतो. पंप चालू झाल्यावर तो आणखी घटतो. दाब कमी झाल्यास मोटार अधिक प्रवाह खेचते, तापते आणि प्रसंगी जळते. यावर उपाय म्हणून काही रोहित्रांना प्राथमिक गुंडाळीवर टॅप ठेवलेले असतात. वरील उदाहरणात ५ टक्के वेढे वगळून २,०९० ठेवल्यास गुणोत्तर ४१.८ होते आणि त्याच वाहिनीवर सुमारे २३९ व्होल्ट मिळतात.

मात्र क्षमतेपेक्षा अधिक पंप अथवा अनधिकृत आकडे यांमुळे दाब घटत असेल, तर टॅप बदलून मूळ कारण दूर होत नाही. अशा वेळी दाब गुंडाळ्यांत आणि लांबलेल्या लघुदाब तारांत खर्ची पडतो. उच्चदाब वितरण प्रणालीत ११,००० व्होल्टची वाहिनी थेट शेतापर्यंत नेऊन एक-दोन पंपांसाठी लहान रोहित्र बसवतात, ते याच कारणासाठी.

== उलट दिशेचा धोका ==

वेढ्यांचे गुणोत्तर दोन्ही दिशांना लागू पडते. वीजपुरवठा बंद असताना एखाद्या घरातील जनित्र योग्य चेंजओव्हर स्विच न लावता घरातील वायरिंगला जोडले, तर त्याचे २३० व्होल्ट रोहित्राच्या दुय्यम बाजूस पोहोचू शकतात. जनित्राला तेथील भार पेलवला, तर ४४ च्या गुणोत्तराने उच्चदाबाच्या तारांवर १०,००० व्होल्टहून अधिक दाब निर्माण होतो. वाहिनी बंद आहे असे समजून खांबावर काम करणाऱ्या तारतंत्र्याला हा दाब प्राणघातक ठरतो. म्हणूनच कामापूर्वी वाहिनी बंद करण्याबरोबरच ती जमिनीशी जोडणे आवश्यक असते आणि जनित्र वापरणाऱ्याने आपली जोडणी मुख्य वाहिनीपासून पूर्णपणे अलग ठेवणे बंधनकारक असते.