गुरुजींच्या शेजारची रिकामी जागा

मंचरहून भीमाशंकरकडे जाणारा रस्ता घोडेगाव मागे टाकून डिंभ्याला पोहोचला की घोड नदीवरील धरण दिसू लागते. त्यामागच्या जलाशयाला आंबेगाव तालुक्याचेच सुपुत्र हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिले आहे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले, ते जुने गावही या पाण्याखाली गेले. पाणी कालव्यांनी पूर्वेकडे गेले. ज्यांची भातखाचरे बुडाली त्या महादेव कोळी कुटुंबांपैकी काही डोंगरउतारावर वर सरकली, काही अन्यत्र गेली. आजही भातकापणी आटोपली की पश्चिम पट्ट्यातील माणसे मजुरीसाठी त्याच पूर्वेकडील बागायती गावांत उतरतात. स्थलांतर या शब्दाचा अर्थ येथे कोणाला शब्दकोशात पाहावा लागत नाही.

अशा घरातील मूल पहिलीच्या वर्गात येऊन बसते, तेव्हा त्याचे आणखी एक स्थलांतर सुरू होते. घरच्या बोलीतून पुस्तकाच्या मराठीत. हिरडा केव्हा झोडावा, नाचणीचे रोप कसे लावावे, हे त्याला ठाऊक असते. पण पुस्तकातील वाक्य त्याला परके वाटते. शिक्षक प्रशिक्षित असतात, बहुधा तळमळीचेही असतात. परंतु ते दुसऱ्या भागातून आलेले असतात आणि लहान शाळेत त्यांना एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात. त्याच वस्तीवर दहावी-बारावी झालेली एखादी मुलगी किंवा सून असते. मुलांची बोली तिची स्वतःची असते. कोणते मूल का गैरहजर आहे, हे तिला न विचारता कळते. तिच्याजवळ नसते ते एवढेच, अध्यापनाचे प्रमाणपत्र. प्रश्न असा की, अशा व्यक्तीला वर्गात स्थान असावे काय? आणि असावे, तर कोणत्या नावाने व कोणत्या अटींवर?

हाच प्रश्न सातासमुद्रापलीकडे गेलेल्या मराठी गृहिणीलाही पडतो. पतीच्या नोकरीनिमित्त ती इंग्लंडला जाते. येथील पदवी असते, परंतु तेथे शिक्षिका होण्यास लागणारी पात्रता नसते. मग आपल्याच मुलाच्या शाळेत ती स्वेच्छेने वाचन घेऊ लागते आणि त्यातून पुढे वर्गसाहाय्यकाची नोकरी मिळण्याचा संभव असतो. या पदासाठी तेथे कायद्याने ठरवलेली एकच पदवी नाही; अपेक्षा प्रत्येक शाळा आपली आपण ठरवते. इंग्रजी व गणिताचे मूलभूत ज्ञान, मुलांत वावरल्याचा अनुभव आणि पूर्वचारित्र्याची तपासणी, यांवर बहुधा भर असतो. वेतन मात्र बेताचे आणि अनेकदा केवळ शाळेच्या सत्रांपुरते हिशेबिलेले असते.

या वाटेला इतिहास आहे. ब्रिटनच्या १९६६ च्या स्थानिक शासन कायद्यातील अकराव्या कलमाने, राष्ट्रकुल देशांतून आलेल्या वस्तीसाठी जादा कर्मचारी नेमण्यास अनुदान देण्याची सोय केली. त्यातून पुढे द्वैभाषिक साहाय्यकही नेमले गेले. परदेशात अडचण ठरणारी मातृभाषा या तरतुदीमुळे नोकरीची पात्रता ठरली. १९६७ च्या प्लाउडेन अहवालानेही प्राथमिक वर्गांत साहाय्यक असावेत अशी शिफारस केली. अकराव्या कलमाची जागा नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस दुसऱ्या अनुदानाने घेतली. तेही २०११ मध्ये शाळांच्या सर्वसाधारण निधीत मिसळून गेले. एखादे काम स्वतंत्र निधीवर उभे असते तोवर ते दिसते. निधी मिसळला की आधी काम अदृश्य होते आणि मग माणूस.

महाराष्ट्राचा अनुभवही कमी बोधप्रद नाही. २००० च्या सुमारास राज्यात वस्तीशाळा सुरू झाल्या. नियमित शाळा नसलेल्या वाड्यावस्त्यांवर स्थानिक तरुण-तरुणींना 'निमशिक्षक' म्हणून नेमले गेले. आरंभीचे मानधन दरमहा १,००० रुपये होते. मदतनीस म्हणून नव्हे, तर संपूर्ण शाळा चालविण्यासाठी त्यांना उभे केले गेले. त्यांतील अनेकांनी नोकरी करता करता प्रशिक्षण पुरे केले. तरी नियमित सेवेत सामावले जाण्यासाठी २०१४ साल उजाडावे लागले. काम पूर्ण शिक्षकाचे आणि मान व मानधन मात्र अर्ध्याहूनही कमी, हा व्यवहार त्या 'निम' शब्दात दडलेला होता.

याउलट मुंबईतील 'बालसखी' हा प्रयोग खऱ्या अर्थाने साहाय्यकाचा होता. 'प्रथम' या संस्थेने वस्तीतीलच तरुणींना सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन महापालिकेच्या शाळांत नेमले. तिसरी-चौथीत येऊनही ज्यांना वाचन व अंकज्ञान नीट येत नाही, अशा पंधरा-वीस मुलांना बालसखी रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून शिकवी. मुंबई व बडोदा येथे २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाची शास्त्रशुद्ध पाहणी केली. मुलांच्या प्रगतीत स्पष्ट वाढ दिसली आणि सर्वांत मागे असलेल्यांना सर्वाधिक लाभ झाला. उपक्रम संपल्यावर मात्र लाभाचा बराच अंश ओसरला, हेही त्याच पाहणीने नोंदविले. या बालसखींना मिळत होते महिना ५०० ते ७५० रुपये.

एवढ्यावरून, प्रमाणपत्राची गरजच काय, असा निष्कर्ष काढणे मात्र घातक ठरेल. लंडन विद्यापीठाच्या शिक्षणसंस्थेतील पीटर ब्लॅचफर्ड यांच्या २००९ मधील मोठ्या अभ्यासात असे आढळले की, साहाय्यकांचा आधार ज्या मुलांना सर्वाधिक मिळाला त्यांची प्रगती इतरांहून कमी झाली. दोष साहाय्यकांचा नव्हता. मागे पडलेली मुले त्यांच्या हवाली करून शिक्षक मोकळे होत. धडा आखताना दोघांची भेटही होत नसे. ज्या मुलांना उत्तम शिक्षकाची सर्वाधिक गरज, त्यांच्याच वाट्याला शिक्षक सर्वांत कमी येई. डोंगरावरच्या मुलांसाठी प्रशिक्षण नसलेली माणसे आणि शहरातल्या मुलांसाठी प्रशिक्षित गुरुजन, अशी वाटणी आपण केली तर तीच चूक मोठ्या प्रमाणावर होईल. शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकाची किमान अर्हता आवश्यक मानली ती यासाठीच. ती सैल करणे म्हणजे गरिबाच्या मुलाचा हक्क सैल करणे होय.

तथापि त्याच कायद्याच्या परिशिष्टात मुख्याध्यापक व शिक्षक आहेत, उच्च प्राथमिकला अंशकालीन निदेशक आहेत, वर्गसाहाय्यक नाही. त्यामुळे अर्हता नसलेल्या माणसापुढे दोनच वाटा उरतात. नाव बदलून शिक्षकाचे काम स्वस्तात करणे, किंवा वर्गाबाहेर राहणे. तिसरी वाट करणे अवघड नाही. आदिवासी व स्थलांतरित मुलांच्या शाळांत साहाय्यकाचे रीतसर पद असावे. त्याची कामे लेखी असावीत: बोली व पुस्तक यांच्यामध्ये दुवा होणे, छोट्या गटाचा सराव घेणे, मजुरीवर गेलेल्या कुटुंबाशी संपर्क ठेवणे. वर्गाची जबाबदारी शिक्षकाचीच राहावी आणि दोघांना आखणीसाठी आठवड्यातून ठरावीक वेळ मिळावा. वेतन किमान वेतनाखाली नसावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुढे जाण्याची शिडी असावी. काम करता करता अध्यापन पदविका मिळविण्याची सोय व्हावी. निमशिक्षकांनी ही शिडी चढता येते हे दाखविले आहे. ती चढायला लागलेली वर्षे तेवढी कमी करायची आहेत.

या काळात अशा कामाच्या शोधात असलेल्यांनीही, मग ते मंचरला आलेले असोत वा मँचेस्टरला, एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विनावेतन मदत हा दाराशी पोहोचण्याचा मार्ग आहे, मुक्काम नव्हे. केलेल्या कामाची लेखी नोंद आणि मुख्याध्यापकांचे पत्र घेतल्याशिवाय सत्र संपू देऊ नये; आणि आपल्या भाषेचे ज्ञान अर्जात तळाशी नव्हे, पहिल्या ओळीत लिहावे.

डिंभ्याच्या पाण्याने पूर्वेकडची शेते भिजविली आणि त्यासाठी ज्यांनी घरे सोडली त्यांना पुनर्वसनाचे आश्वासन मिळाले. पुनर्वसन जमिनीचे असते तसे मुलांच्या शाळेचेही असते. वर्गात गुरुजींच्या शेजारची एक जागा रिकामी आहे. ती भरू शकणारी व्यक्ती त्याच वस्तीवर राहते आणि शाळेची घंटा तिला घरात बसून ऐकू येते.