छावणीतले बाळ आणि गावचा दाखला

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला, हे आपल्या समाजातील लहान मूलही सांगते. परंतु मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे असताना जन्म मध्य भारतातील महूला का झाला, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. उत्तर सोपे आहे. महू ही लष्करी छावणी होती आणि सुभेदार रामजी सकपाळ तेथे फौजेत नोकरीला होते. म्हणजे बाबासाहेब हे बदलीच्या नोकरीतील एका सैनिकाचे बाळ होते! रामजींनी पेन्शन घेतली तेव्हा बाळ भीम अजून कळत्या वयातही आला नव्हता. हे कुटुंब महूहून कोकणात दापोलीला आले आणि पुढे साताऱ्याला गेले. त्या काळी कोकणात रेल्वे नव्हती. एवढा पल्ला लहान मुलांना घेऊन गाठताना माता भीमाईंनी काय काय सोसले असेल, याची नोंद कोणत्याही इतिहासाने ठेवलेली नाही. भीमाईंचे माहेरही फौजीच. छावणीतला संसार उचलून दुसरीकडे मांडणे म्हणजे काय, हे त्या माऊलीला चांगले ठाऊक असणार.

हे सारे आज आठवण्याचे कारण वेगळे आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या कार्यालयात एक तरुण जोडपे आले. मुलगा फौजेत नाईक, अकोला जिल्ह्यातला. सून हिंगोलीकडची. तिच्या कडेवर पाच महिन्यांची मुलगी. सोबत मुलाचे वडील, तेही फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मुलाची बदली आसामात झाली होती. तो आधी एकटाच जाऊन रुजू झाला, क्वार्टर मिळाले आणि आता दहा दिवसांच्या रजेवर बायको-मुलीला न्यायला आला होता. भुसावळहून गुवाहाटीची गाडी, दोन रात्रींचा प्रवास. काळ्या ट्रंका भरून झाल्या होत्या.

"जयभीम वकीलसाहेब, निघायच्या आधी एकदा भेटून जावं म्हटलं," एवढेच तो म्हणाला. आम्ही सवयीप्रमाणे विचारले, बाळाचे कागद काय काय आहेत? सुनेने पिशवीतून दोन वस्तू काढल्या. एक लसीकरणाचे कार्ड आणि दुसरा जन्माचा दाखला. दाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना कोरा होता.

"नाव तर बारशालाच ठेवलंय," सासरे म्हणाले. "कागदाचं काय, शाळेत घालताना बघू. गावात घर आहे, सातबारा आहे. आपली जात कोणाला माहीत नाही का?"

नेमके याच वाक्याने आमच्या समाजातील किती मुलांचे नुकसान केले आहे, ते आम्ही वकिलीच्या धंद्यात डोळ्यांनी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. असाच एक निवृत्त फौजी आपल्या मुलाला घेऊन आमच्याकडे आला होता. मुलाचा जन्म परराज्यातील लष्करी इस्पितळात झालेला. पहिली ते बारावी पाच राज्यांतील पाच शाळांत. एका शाळेत प्रवेशाच्या वेळी बाप सीमेवर, आईला तिथली भाषा येत नाही. कारकुनाने धर्माच्या रकान्यात स्वतःच्या मनाने 'हिंदू' लिहून टाकले आणि जातीचा रकाना रिकामा ठेवला. पुढच्या चार शाळांनी तेच उतरवून घेतले. अभियांत्रिकीच्या प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्र मागितले तेव्हा धावाधाव सुरू झाली. कागद जुळेपर्यंत मुदत निघून गेली आणि राखीव जागाही गेली. मुलगा हुशार होता आणि बापाने देशासाठी आयुष्य घातले होते. चूक कोणाची म्हणायची?

समाजबांधवांनो, ही चूक एका कारकुनाची नाही. तिच्यामागची साखळी समजून घेतली पाहिजे. सैन्यभरतीत अनुसूचित जातींना आरक्षण नाही. त्यामुळे आपला मुलगा फौजेत जातो तेव्हा त्याच्याकडे जातीचा दाखला असला तरी त्याची पडताळणी झालेली नसते, कारण ती कोणी मागतच नाही. शिक्षक, तलाठी किंवा बँकेत लागलेल्या भावाला नोकरीसाठी वैधता काढावी लागते. फौजी भावाला तशी गरज पडत नाही. वीस वर्षांनी त्याचेच मूल पडताळणी समितीपुढे उभे राहते, तेव्हा बापाकडे वैधता नसते, मुलाचा जन्म परमुलखातला असतो आणि शाळेच्या दाखल्यावर भलतेच काही लिहिलेले असते. गावात राहणाऱ्या मजुराच्या मुलाला जे सहज मिळते, ते देशभर फिरणाऱ्या सैनिकाच्या मुलाला मिळत नाही!

कायदा काय सांगतो? महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरली जाते. त्या दिवशी आपले पूर्वज ज्या जिल्ह्यात राहत होते, तेथील सक्षम अधिकाऱ्याकडून दाखला घ्यावा लागतो. दाखले आणि पडताळणीचा राज्याचा कायदा २००१ पासून लागू आहे. बाळ दिब्रुगडला जन्मो की जोधपूरला, त्याची मुळे कायद्याच्या दृष्टीने आजोबा-पणजोबांच्या गावातच असतात. दुसरे असे की, १९९० साली मर्री चंद्रशेखर राव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की, एका राज्यातील अनुसूचित जातीची व्यक्ती दुसऱ्या राज्यात स्थलांतरित झाली म्हणून तिला त्या दुसऱ्या राज्यात त्या दर्जाचे लाभ मिळत नाहीत. २०१८ साली बीर सिंग खटल्यातही घटनापीठाने हेच मूळ तत्त्व कायम ठेवले. म्हणजे आसामात दहा वर्षे काढली तरी आसाम सरकारच्या सवलती आपल्या मुलीला मिळणार नाहीत. मात्र केंद्र सरकारच्या संस्थांत, केंद्रीय विद्यालयात, आयआयटीत महाराष्ट्राचा दाखला चालतो. म्हणून हा दाखला जवळ असलाच पाहिजे.

यात बौद्धांचा प्रश्न आणखी निराळा. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या सवलती हिरावल्या गेल्या. महाराष्ट्रात १९६० साली राज्याच्या सवलती परत मिळाल्या, पण केंद्राचा दर्जा मिळायला १९९० उजाडावे लागले. चौतीस वर्षांचा हा लढा आजच्या पिढीला माहीत नसतो. त्यामुळे कोणी घाबरून 'हिंदू महार' लिहितो, तर कोणी अभिमानाने फक्त 'बौद्ध' लिहून जातीचा रकाना सोडून देतो. दोन्हीत नुकसान आहे. धर्म 'बौद्ध' लिहिणे हा आपला धम्म आणि जिथे मूळ अनुसूचित जात विचारली जाते तिथे ती अचूक लिहिणे हा आपला घटनात्मक हक्क. जनगणनेतही तेच. २०११ च्या जनगणनेत देशात बौद्ध ८४ लाखांच्या आसपास मोजले गेले आणि त्यांपैकी ६५ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. छावणीतल्या क्वार्टरमध्ये प्रगणक येईल तेव्हा आपल्या सुनेने काय सांगायचे, हे तिला आजच ठाऊक असले पाहिजे.

त्या जोडप्याच्या हातात दहा दिवस होते. आम्ही वहीत यादी करून दिली. पहिले काम बाळाचे नाव. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते आणि ती जन्म झाला त्या ठिकाणीच होते. ती माहेरी झालेली होती. नाव मागाहून घालता येते, परंतु नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. आसामातून हिंगोलीला हेलपाटे घालण्यापेक्षा आत्ताच एक दिवस मोडलेला बरा. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट, सरकारी नोकरी यांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच धरला जाणार आहे. कोऱ्या रकान्याचा दाखला घेऊन फिरणे आता परवडणारे नाही. दुसरे काम, युनिटमध्ये बाळाच्या जन्माची 'पार्ट टू ऑर्डर' निघाली का, नावाचे स्पेलिंग जन्मदाखल्याशी जुळते का, हे पाहणे. तिसरे, बापाच्या जातीच्या दाखल्याची प्रत काढणे आणि घराण्यात कोणाकडे वैधता आहे त्याचा शोध घेणे. चौथे, लसीचे कार्ड जिवापाड जपणे. जन्मावेळच्या, सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या आणि नवव्या महिन्याच्या लसी देशभर सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. कार्ड हरवले तरच घोटाळा होतो.

मग आम्ही सासऱ्यांना विचारले, "तुमचे वडील काय करत होते?"

"तेही फौजेतच. महार रेजिमेंट."

"त्यांचं डिस्चार्ज बुक आहे का?"

म्हातारबा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "असंल. बाबांची ट्रंक माळ्यावर आहे."

दुसऱ्या दिवशी ते पिवळे पडलेले, कोपरे वाळवीने खाल्लेले पुस्तक आमच्या टेबलावर आले. भरतीचे साल १९४६. गाव, तालुका, जिल्हा आणि 'क्लास' या रकान्यात जात. १९५० पूर्वीचा, सरकारी शिक्क्याचा पुरावा! शाळेचे तोंड न पाहिलेल्या पणजोबाचा हा एकमेव कागद. आम्हाला त्या वेळी जे वाटले ते सांगितलेच पाहिजे. १८९२-९३ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त सैनिकांनी निवेदने केली, शिवराम जानबा कांबळे झगडले. पहिल्या महायुद्धात पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर मोडली गेली. बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ती रेजिमेंट झाली नसती तर हे पुस्तक नसते. बाबासाहेबांच्या झगड्याने एका पणजोबाला वर्दी मिळाली आणि त्या वर्दीचा कागद आज पाच महिन्यांच्या पणतीच्या उपयोगी पडला. चळवळ म्हणतात ती हीच!

कागदाचे मोल बाबासाहेबांच्या चरित्रातही आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद झाली. ती एक ओळ आज आपण विद्यार्थी दिवस म्हणून साजरी करतो. आणि प्रवासाचे म्हणाल, तर १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली सुभेदारांची ही मुले मसूर स्टेशनावर ताटकळली. जात कळताच गाडीवान गाडी हाकायला तयार होईना. दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकली आणि रात्रभर पाण्यावाचून काढली. बाप सरकारी चाकरीत होता, मुलांचे कपडे नीटनेटके होते, खिशात पैसे होते. तरीही! आज आपली लेक राखीव डब्यात बसून, मांडीवर बाळ घेऊन, देशाच्या दुसऱ्या टोकाला निर्धास्त जाते, तो रस्ता कोणी तयार केला हे तिने त्या बाळाला सांगितले पाहिजे.

निघताना ती सून दारात थांबली. इतका वेळ ती फारशी बोलली नव्हती. म्हणाली, "दादा, तिकडं आपलं कोणी नसंल ना?" या प्रश्नाला कायद्याच्या पुस्तकात उत्तर नाही. छावणीत सर्वधर्मस्थळ असते, शेजारी असतात, पण बोली वेगळी, सण वेगळे. नवरा ड्युटीवर, बाळ तापाने फणफणलेले आणि सासू-आई दोन हजार किलोमीटरवर. फौजीच्या पराक्रमाला पदके आहेत. या एकटेपणाला नाही.

आम्ही तिला एक गोष्ट सांगितली. आसाम आणि अरुणाचलात ताई फाके, खामती, सिंगफो, चकमा असे बौद्ध समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतात. दिब्रुगड जिल्ह्यात नामफाके गावात विहार आहे, अरुणाचलात नामसाईला सोनेरी पॅगोडा आहे. ते थेरवादी आहेत. त्यांची भाषा तुला कळणार नाही, पण त्रिशरण-पंचशील पालीतच असते. विहारात जाऊन बस, ओळखीचे शब्द कानावर पडतील. तिचा चेहरा थोडा उजळला. ट्रंकेत बाबासाहेबांचा फोटो आणि वंदनेचे छोटे पुस्तक आधीच ठेवले आहे, असे तिने सांगितले.

आता आमचे समाजाला सांगणे आहे. बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेच्या आणि समता सैनिक दलाच्या शाखा गावोगाव आहेत. त्यांत माजी सैनिकही आहेत. आपल्या तालुक्यातून फौजेत किती मुले आहेत, त्यांची कुटुंबे कोठे आहेत, त्यांच्या मुलांचे दाखले झाले का, याची एक वही प्रत्येक शाखेने ठेवावी. उन्हाळ्यात फौजी रजेवर येतात, तेव्हा दोन दिवसांचे दाखला शिबिर घ्यावे. जयंतीच्या डीजेच्या खर्चातला एक छोटा वाटा त्याला पुरेल. दुसरे, २०२२ पासून अग्निपथ योजनेत मुले चार वर्षांसाठी आणि अविवाहितच घेतली जातात, आणि त्यांतील जास्तीत जास्त २५ टक्क्यांनाच पुढे कायम केले जाते. सुभेदार रामजींच्या पेन्शनीने भीमराव शाळेत टिकले. उरलेल्या मुलांच्या घरात तो आधार कोठून येणार, याचा जाब आपण संघटितपणे विचारला पाहिजे.

गेल्या आठवड्यात त्या नाईकाचा फोन आला. मुलगी आता धरून धरून चालते. जन्मदाखल्यावर तिचे नाव चढले आहे आणि म्हातारबांनी स्वतःच्या वैधतेची फाईल समितीकडे दाखल केली आहे. पणजोबांचे डिस्चार्ज बुक त्यांनी नव्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटात ठेवले आहे, माळ्यावर नाही.

वाचकहो, आज संध्याकाळी आपापल्या माळ्यावरची ट्रंक खाली उतरवा. त्यात तुमच्या नातवंडांचे भवितव्य असू शकते.

जयभीम!