युग्मन, सुट्या भागांचे

स्मार्टफोनमधील पडदा, बॅटरी, कॅमेरा, अंगुलिमुद्रा-संवेदक इ. भाग अनुक्रमांकाच्या साहाय्याने त्या एकाच फोनच्या मदरबोर्डाशी बांधून टाकण्याच्या निर्मात्याच्या पद्धतीस सुट्या भागांचे युग्मन म्हणतात. इंग्रजीत ती पार्ट्स पेअरिंग या नावाने ओळखली जाते. भागातील एका लहान चिपमध्ये त्याचा अनुक्रमांक साठविलेला असतो. फोन सुरू होताना तो मदरबोर्डावरील नोंदीशी ताडून पाहिला जातो. मेळ न बसल्यास कधी केवळ इशारा उमटतो, कधी एखादी सोय बंद पडते, तर कधी तो भाग मुळीच चालत नाही. नवी नोंद करण्याची आज्ञावली निर्मात्याच्या हाती असते. त्यामुळे एका फोनमधून काढलेला, त्याच कंपनीचा अस्सल व सुस्थितीतील भागही दुसऱ्या फोनमध्ये परका ठरू शकतो.

या पद्धतीचे ठळक उदाहरण म्हणजे ॲपल कंपनीचा आयफोन. २०१३ मधील आयफोन ५एस यात अंगुलिमुद्रा-संवेदक प्रथम आला व तो मदरबोर्डाशी जोडबद्ध केलेला होता. बनावट संवेदक बसवून फोन उघडला जाऊ नये, हे त्याचे कारण सयुक्तिक होते. तथापि त्याचा परिणाम पुढे अनपेक्षित ठिकाणी दिसला. बाहेर दुरुस्त केलेले काही आयफोन ६ आज्ञावलीच्या नव्या आवृत्तीनंतर ‘एरर ५३’ दाखवून पूर्णतः बंद पडले. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीने सुधारित आवृत्ती देऊन ते पूर्ववत केले. अंगुलिमुद्रेची सोय मात्र परत आली नाही. या प्रकरणी ग्राहकांना त्यांच्या हक्कांविषयी चुकीची माहिती दिल्याबद्दल ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने २०१८ मध्ये कंपनीला ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला.

बॅटरी व पडदा यांच्या बाबतीत सुरक्षिततेचे समर्थन पुष्कळच दुबळे पडते. २०१९ पासून आयफोनमध्ये बॅटरी बदलल्यास ती अस्सल असल्याची खात्री होत नाही असा इशारा दिसू लागला व तिच्या क्षमतेची माहिती मिळेनाशी झाली. २०२१ मधील आयफोन १३ मध्ये पडदा बदलताच चेहरा ओळखण्याची सोय बंद पडे. ती टिकविण्यासाठी जुन्या पडद्यावरील सूक्ष्म चिप सूक्ष्मदर्शकाखाली उकलून नव्या पडद्यावर डाख देऊन बसवावी लागे. स्क्रू-ड्रायव्हर व चिमटा घेऊन घरी बसलेल्या माणसाच्या आवाक्यातील हे काम नव्हे. टीका झाल्यावर त्याच वर्षअखेरीस आज्ञावलीत बदल करून हे बंधन काढण्यात आले. ते तांत्रिक दृष्ट्या अपरिहार्य नव्हते, हे त्यावरून उघड होते.

घरगुती दुरुस्तीत पडदा तापवून सैल करणे, चिकटपट्टी ओढून बॅटरी सोडविणे ही कामे सरावाने साधतात. युग्मनामुळे अखेरची पायरी कौशल्याची न राहता परवानगीची होते. दोन बिघडलेल्या फोनांतून एक चालू फोन तयार करण्याची, दुरुस्ती-कारागिरांची जुनी व काटकसरीची रीतही त्यामुळे अडते. ॲपलने २०२२ मध्ये अमेरिकेत ग्राहकांना भाग व हत्यारे विकण्यास प्रारंभ केला. परंतु भाग मागविताना फोनचा क्रमांक द्यावा लागे आणि बसविल्यावर कंपनीकडून दूरस्थ नोंदणी करून घ्यावी लागे. २०२४ मध्ये ही नोंदणी फोनवरच करण्याची सोय आली व निवडक प्रतिमानांत वापरलेले अस्सल भाग स्वीकारले जाऊ लागले. चोरीच्या फोनांचे भाग विकले जाऊ नयेत, हा कंपनीचा युक्तिवाद दखल घेण्याजोगा आहे. मात्र चोरीची नोंद असलेलेच भाग नाकारूनही तो हेतू साधतो.

अमेरिकेतील ऑरेगन राज्याने मार्च २०२४ मध्ये, ॲपलचा विरोध असतानाही, युग्मनास मनाई करणारा कायदा केला. चालू स्थितीतील भाग बसविण्यास अडथळा आणणे, फोनची कार्यक्षमता घटविणे व दिशाभूल करणारे इशारे दाखविणे या तिन्ही गोष्टी त्याने निषिद्ध ठरविल्या. कोलोरॅडोनेही त्याच वर्षी तसाच कायदा केला. यूरोपीय संघाच्या २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी युग्मनास सरसकट बंदी घातलेली नाही. नोंदणीची आज्ञावली व्यावसायिक दुरुस्तीकारांना भेदभाव न करता उपलब्ध करून देणे तेवढे बंधनकारक केले आहे. ऑरेगनमधील मनाई १ जानेवारी २०२५ नंतर प्रथमच निर्माण झालेल्या उपकरणांपुरती असून त्याआधीच्या फोनांना ती लागू नाही.