फायटर, मेज की थीफ? क्लास निवडण्याआधी टीम बघा

बुरोंडीहून बोलतोय. मागे समुद्राचा आवाज आला तर सांभाळून घ्या. आजचा प्रश्न तुमच्याच मेसेजमधला: "'बाल्डर्स गेट' फोनवर टाकला, पण कॅरेक्टर बनवतानाच अडकलोय. कुठला क्लास घेऊ?"

बायोवेअरचा हा गेम १९९८ चा, आणि त्याची एन्हान्स्ड एडिशन आता फोनवर चालते. टीममध्ये जास्तीत जास्त सहा जण. 'सगळ्यात भारी क्लास कुठला' हा प्रश्नच इथे चुकीचा आहे. आमच्याकडे होडीवर तांडेल एकच असतो. सगळेच तांडेल झाले तर जाळं ओढणार कोण? तसंच हे.

मुख्य कामं चार. फायटर पुढे उभा राहून मार खातो आणि देतो. थीफ सापळे शोधतो, कुलपं उघडतो. क्लेरिक जखमा भरतो. मेज मागून जादू करतो. पहिल्या लेव्हलला फायटरला १० हिट पॉइंट, क्लेरिकला ८, थीफला ६ आणि मेजला फक्त ४. कॉन्स्टिट्यूशन चांगलं असेल तर थोडे वाढतात, एवढंच. शिवाय मेजला चिलखत घालता येत नाही, आणि सुरुवातीला एकच मंत्र. तो वापरला की विश्रांती घेतल्याशिवाय परत मिळत नाही. पण तो एक मंत्र 'स्लीप' असेल, तर समोरची अख्खी टोळी आडवी होते बरं का!

आता खरी मेख. साथीदार मेला तर सहसा देवळात पैसे भरून जिवंत करता येतो. तुमचं स्वतःचं कॅरेक्टर मेलं की गेम ओव्हर. शेवटच्या सेव्हपासून पुन्हा सुरू. आणि सुरुवातीलाच फ्रेंडली आर्म इनच्या पायऱ्यांवर एक मारेकरी जादूगार तुमची वाट बघत असतो. त्याचं 'मॅजिक मिसाइल' नेम चुकत नाही. ४ हिट पॉइंटवाला तिथे किती टिकणार, तुम्हीच सांगा.

म्हणून पहिल्यांदा खेळताय तर स्वतः फायटर घ्या. बाकीच्या जागा गेमच भरतो. कँडलकीपमधून बाहेर पडलात की इमोएन भेटते, ती थीफ. त्या इनमध्येच खालिद आणि जहेरा आहेत. तो फायटर, ती फायटर-ड्रुइड, म्हणजे मलमपट्टीची थोडी सोय झाली. मेज हवा तर बेरेगोस्ट गावात नीरा आहे.

एक टीप: गुहेत शिरताना इमोएनचं सापळे शोधायचं बटण चालू ठेवा आणि तिलाच पुढे चालवा. लढाई सुरू झाली की गेम पॉज करा, तिला मागे घ्या, मग एकेकाला हुकूम द्या.

मेजच खेळायचाय? जरूर खेळा, फक्त दर लढाईआधी सेव्ह करा. तुमची टीम कशी जमली ते मेसेज करून कळवा. भेटू पुढच्या भागात!