एकाच चंद्राचे सण: खुलदाबादचा रमजान

खुलदाबादमध्ये यंदाचा पहिला रोजा आणि शिवजयंती एकाच दिवशी आली. तारीख १९ फेब्रुवारी २०२६, वार गुरुवार. त्याच्या चारच दिवस आधी महाशिवरात्र होऊन गेली. छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादच्या घाटाने वर येणारा रस्ता खुलदाबादमार्गे वेरूळला उतरतो, त्यामुळे घृष्णेश्वराच्या भाविकांची गर्दी या गावालाही जाणवते. आता ३ मार्चला धुळवड आहे. त्यानंतर पैठणची नाथषष्ठी, १९ मार्चला गुढीपाडवा, २० किंवा २१ मार्चला ईद आणि २ एप्रिलला हनुमान जयंती. दीड महिन्यात एवढे सण या लहानशा गावाच्या त्याच त्या रस्त्यांवरून जाणार आहेत.

बाहेरच्या माणसाला खुलदाबाद म्हटले की बहुधा एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे औरंगजेबाची कबर. गेल्या वर्षी मार्च महिन्यात, रमजानच्याच दिवसांत, त्या कबरीवरून राज्यभर वाद पेटला आणि गावात पोलीस बंदोबस्त वाढवावा लागला. वाद दूरच्या शहरांत होतात, चर्चा वाहिन्यांवर होतात. पण रस्त्यावर बॅरिकेड लागले की फुले-चादरी विकणारा, चहावाला, रिक्षावाला, नारळ-प्रसादाचे दुकान मांडणारा अशा सगळ्यांच्याच पोटाला चिमटा बसतो. येणारा पर्यटक असो, दर्ग्याचा जायरीन असो की मारुतीचा भक्त, गावाची चूल त्यांच्या येण्या-जाण्यावर पेटते. म्हणून इथे सण शांततेत पार पडणे हा नुसता सद्भावनेच्या भाषणाचा विषय नाही, तो रोजीरोटीचा प्रश्न आहे.

जुनी माणसे या गावाला आजही ‘रौजा’ म्हणतात. औरंगजेब १७०७ मध्ये गेला. त्याच्या कितीतरी आधीपासून हे गाव सूफी संतांचे होते. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांचे शिष्य हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांनी दख्खनमध्ये येऊन इथे वस्ती केली. १३३७ मध्ये त्यांचा विसाल झाला. जवळच हजरत जर जरी जर बख्श यांचा दर्गा आहे. हजरत जैनुद्दीन शिराजींचा दर्गाही इथलाच आणि त्यांच्याच आवारात, उघड्या आकाशाखाली, औरंगजेबाची साधी कबर आहे. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर १६२६ मध्ये वारला, त्याची कबरही इथेच. आणि याच गावात पहुडलेल्या मारुतीचे, भद्रा मारुतीचे मंदिर आहे. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहराकडून हजारो लोक घाट चढत पायी त्याच्या दर्शनाला येतात.

यंदाचा रमजान अंगाला तसा सोसवणारा आहे. पहाटेच्या सहरपासून सूर्यास्ताच्या इफ्तारपर्यंत रोजा सुमारे तेरा तासांचा होतो. आठ वर्षांपूर्वी रमजान मे-जूनमध्ये होता, तेव्हा तोच रोजा जवळपास पंधरा तासांचा असे, तोही मराठवाड्याच्या उन्हात. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचे असल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. आता तो हरभरा-गव्हाच्या काढणीत आला आहे. रोजा ठेवून रानात जाणाऱ्या मजुरासाठी उन्हाचा हा फरक फार मोठा असतो.

याच दिवसांत दहावी-बारावीच्या परीक्षा आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम सगळ्यांनाच लागू आहे. सहरसाठी जागे करण्याचे काम आता घरोघरी मोबाईलचा गजर करतो. इशानंतरची तरावीहची नमाज मशिदीच्या आत, इमामाच्या आवाजाच्या पल्ल्यात होऊ शकते. अभ्यासाला बसलेले पोर कोणत्या घरातले आहे हे न विचारता आवाज कमी ठेवणे, हा या महिन्याचा साधा शिष्टाचार आहे. रोजा पोटाचा असतो तसा जिभेचा आणि वर्तनाचाही असतो, असे मशिदीत सांगितले जातेच.

रमजानची मोठी जबाबदारी पैशांची आहे. ज्याच्याकडे ८७.४८ ग्रॅम सोने किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदी, अथवा तेवढ्या किमतीची गरजेपेक्षा जास्त मालमत्ता वर्षभर आहे, त्याने तिच्यातून अडीच टक्के जकात काढायची. त्याशिवाय सदका-ए-फित्र असतो. ऐपत असलेल्याने स्वतःच्या आणि लहान मुलांच्या वतीने माणशी पावणेदोन ते दोन किलो गहू किंवा त्याची किंमत द्यायची आणि तीही ईदच्या नमाजआधी. ‘आधी’ या शब्दाला महत्त्व आहे. नमाज झाल्यावर दिलेला पैसा गरजूला उपयोगी पडेल, पण त्याच्या घरची ईद त्याने साजरी होणार नाही. लेकरांचे कपडे, शेवया, दूध, सुका मेवा हे सगळे चांदरातीपूर्वी व्हावे लागते. म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी फित्र शेवटच्या रात्रीवर न ठेवता आठवडाभर आधीच पोहोचता केला, तर त्याचे खरे चीज होईल.

यंदा हे आणखी महत्त्वाचे आहे, कारण ईदची तारीख पाडव्याच्या संध्याकाळी ठरणार आहे. १९ मार्चला एकोणतिसावा रोजा आहे. हिंदू पंचांगात अमावास्या संपली की प्रतिपदा लागते, ती गणिताने ठरते. मुस्लिम महिना सुरू होतो तो चंद्रकोर डोळ्यांना दिसल्यावर. अमावास्या दोघांची एकच. त्यामुळे सूर्यास्ताच्या सुमारास एका घरी गुढी उतरवली जात असेल, तेव्हा शेजारच्या गच्चीवर लोक पश्चिमेकडे कोर शोधत असतील. त्या संध्याकाळी चंद्र फारच कोवळा असेल. तो दिसला तर शुक्रवारी, २० तारखेला ईद. दिसला नाही तर शुक्रवार हा तिसावा रोजा आणि शनिवारी ईद. अलविदा जुम्याचेही तेच. चांद दिसला तर १३ मार्चचा जुमा शेवटचा ठरेल, नाही तर २० मार्चचा. त्याआधी १६ मार्चच्या रात्री सत्ताविसावी शब आहे. त्या रात्री मशिदी जाग्या असतील.

पाडवा आणि ईद असे हातात हात घालून येण्याचे हे सलग तिसरे वर्ष. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला होता, ईद ११ एप्रिलला. २०२५ मध्ये ३० मार्चला पाडवा आणि दुसऱ्याच दिवशी ईद झाली. ही जोडी यंदा फुटणार आहे. येत्या १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो. ऋतूंशी मेळ राखण्यासाठी हिंदू पंचांग असा जादा महिना घेते, हिजरी कालगणना घेत नाही. त्यामुळे २०२७ मध्ये ईद मार्चच्या दहा तारखेच्या सुमारास येईल आणि पाडवा ७ एप्रिलला.

एक जोडी फुटली की दुसरी जमते. अधिक महिन्यामुळे श्रावण यंदा १३ ऑगस्टला सुरू होईल आणि पाठोपाठ रबिउलअव्वलचा चांद दिसेल. त्याच महिन्यात जर जरी जर बख्श यांचा उर्स भरतो. ऑगस्टच्या अखेरीस ईद-ए-मिलादला पैराहन-ए-मुबारकच्या जियारतीसाठी दूरदूरचे लोक येतील. श्रावणी सोमवारी वेरूळची गर्दी असेल आणि शनिवारी भद्रा मारुतीची. म्हणजे गावावर खरा ताण तेव्हा पडेल. पाण्याचे टँकर, वाहनतळ, स्वच्छतागृहे, जादा बसगाड्या यांचा विचार ऑगस्टमध्ये करून चालणार नाही. शांतता समितीच्या बैठका बहुधा सणाच्या तोंडावर होतात. त्यात दोन्ही पंचांगे शेजारी ठेवून वर्षाचा आराखडा करता येईल. २०२३ मध्ये आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, तेव्हा महाराष्ट्रात अनेक गावांतल्या मुस्लिमांनी कुर्बानी पुढच्या दिवसांवर नेली होती. तीन दिवसांची मुभा धर्मातच आहे, ती वापरायचे शहाणपण लोकांनी दाखवले.

तूर्त रमजान सुरू आहे. पाडव्याची साखरगाठी आणि ईदचा शीरखुर्मा यांची खरेदी एकाच आठवड्यात, त्याच दुकानांतून होणार आहे. दुकानदाराने माल भरायला हरकत नाही. फक्त दूध किती मागवायचे, हे त्याला १९ तारखेच्या संध्याकाळपर्यंत कळणार नाही.